क्वचित लागणारा प्रिंटर

"महिनोन्महिने नुसता पडून राहिला आणि एके दिवशी अचानक लागला, तर चालू होईल ना?" शिलाईवाल्या काकूंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"शाईचा घेतलात तर सांगता येत नाही," दुकानदार म्हणाला. "शाई आत वाळते, बारीक छिद्रं बुजतात. कधीमधीच वापरायचा असेल तर हा लेझर न्या. यात पावडर असते. ती वाळायचा प्रश्नच नाही."

"यात चेहरा ओळखू येतो?"

"रंगीत नाही येणार. पण स्वच्छ येतो."

काकूंनी पिशवीचे बंद बोटांभोवती करकचून गुंडाळले. त्यांचे यजमान, गल्लीतले वायरमन, बाजूला उभे राहून कंटाळले होते.

"अगं, वर्षाकाठी चार कागद आपले. त्यासाठी घरात हे धूड कशाला? कोपऱ्यावर झेरॉक्सवाला आहे की."

"तो नेमका नको तेव्हा बंद असतो. मास्तरांच्या वेळी काय झालं, विसरलात?"

वायरमन विसरले नव्हते. शेजारचे म्हातारे मास्तर सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडले आणि परतलेच नाहीत. झेरॉक्सच्या दुकानाला कुलूप होतं. त्यांच्या सुनेनं घरातला प्रिंटर लावला, तर शाई वाळलेली. 'हरवले आहेत' एवढं वाचता येत होतं, पण फोटोभर पांढरे पट्टे. तेच कागद सगळीकडे चिकटवले. बसथांब्यावरच्या फळवालीनं मास्तरांना दुपारभर बाकावर बसलेलं पाहिलं होतं. समोर खांबावरच्या कागदातला माणूस तोच, हे तिच्या लक्षात आलं नाही. मास्तर सापडले, पण तोवर फार उशीर झाला होता.

तेव्हापासून काकूंचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाजारात निघाल्या की दारातच घुटमळायच्या. कोणी मागून हाक मारली तरी दचकायच्या. परवा एका झग्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. गिऱ्हाईक हसलं, काकूही हसल्या. मग आत जाऊन कितीतरी वेळ भिंतीकडे बघत बसल्या.

"मास्तरांचं वय झालं होतं," वायरमन समजुतीनं म्हणाले. "आपल्या घरात असं कोण आहे? उगाच कशाला धसका घेतेस?"

काकूंनी पिशवीत हात घातला. मोबाइल काढून त्यांनी दुकानदारापुढे धरला. "हे एक पान काढून दाखवा. मग ठरवू."

यंत्र घुरघुरलं. कागद बाहेर आला. दुकानदारानं तो पाहिला आणि पालथा करून काउंटरवर ठेवला. काकूंनी हात पुढे केला, पण त्याआधीच वायरमननी तो उचलला.

चेहरा खरंच स्वच्छ आला होता. काकूंचा चेहरा. वर ठळक अक्षरांत 'हरवल्या आहेत'. खाली लिहिलं होतं, 'यांना नाव सांगता येईलच असं नाही. ओरडू नका. बसवा, पाणी द्या.'

वायरमनना आधी काही कळेना. मग कळलं, तसा त्यांनी काउंटरचा कठडा धरला.

"डॉक्टरकडे एकटीच गेलीस?"

"तुम्ही कामावर होतात. सांगणार होते." काकू म्हणाल्या. "रोज ठरवायचे. भीती वाटायची, की एकदा बोलले की ते खरंच होईल."

दुकानदार उगाचच मागच्या फळीवरचे खोके सरळ करत राहिला.

वायरमननी कागद पुन्हा वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. तिथे त्यांचं बोट थांबलं.

"अगं, फोन नंबर तू तुझाच घातलायस," ते हळूच म्हणाले. "माझा घाल."