भरावाखालची लाइन

"पाईप आहे, तर मग पाणी कुठे आहे?" प्राचीने विचारलं.

नळाची तोटी तिने दोनदा फिरवून पाहिली होती. आतून एक कोळी बाहेर आला, त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो परत आत गेला.

भगवंतबाबा नळाच्या कट्ट्यावरच बसले होते. "कागद काय म्हनतो, ताई?"

प्राचीच्या हातातला जुन्या रजिस्टरचा कागद म्हणत होता की १९८८ साली गावच्या टाकीपासून या खडकमाळ वस्तीपर्यंत, रस्त्याच्या डाव्या कडेने, जमिनीखाली तीन फुटांवर अडीच इंची लोखंडी लाइन टाकली. लांबी सातशे मीटर. खाली दोन सह्या आणि एक गोल शिक्का. कट्ट्यावर उद्घाटनाची फरशीसुद्धा होती.

"मग सरकारी कागद खोटं बोलंल व्हय?" बाबा म्हणाले.

"पण पाणी कधी आलं होतं का?"

"उद्घाटनाला नारळ फोडला, त्याचं आलं व्हतं."

प्राची हसली. पुण्यातल्या रस्ते आखणाऱ्या कंपनीत लागून तिला दोनच वर्षं झाली होती. लहानपणापासून तिला एक खोड होती, झाकण दिसलं की उघडून बघायचं. त्या खोडीचा आता पगार मिळत होता. महाळुंगे पडवळकडून येणारा रस्ता रुंद आणि उंच व्हायचा होता. कॉम्प्युटरवर तो दर वीस मीटरला कलिंगडासारखा आडवा कापायचा आणि पोटात काय काय दडलंय ते दाखवायचं, हे तिचं काम. टेलिफोनची केबल, पाण्याचा पाईप. आडव्या छेदात पाईप म्हणजे एक बारीकसा गोल.

त्या गोलाची किंमत मात्र मोठी होती. गोल नव्या भरावाखाली आला, की ठेकेदाराने कडेने नवी लाइन टाकून द्यायची. जुनी आहे तिथेच गाडून टाकायची. गोलच नसेल तर नवी लाइनही नाही.

तिने हे बाबांना नीट समजावून सांगितलं. बाबांनी ते तिच्याकडून दोनदा समजून घेतलं.

तेवढ्यात त्यांची बायको, कुशाबाई, विहिरीवरून आली. डोक्यावर हंडा, काखेत कळशी. भांडी उतरवून ती गुडघा धरून मटकन खाली बसली, आणि पहिला तांब्या भरून तिने प्राचीच्याच हातात दिला. प्राचीला ते पाणी पिताना लाज वाटली.

घटस्थापना तीन दिवसांवर आली होती. अंगणात दोन मेढींवर टाकलेल्या मनगटाएवढ्या जाड लोखंडी दांडीवर धुतलेल्या गोधड्या वाळत होत्या. त्यांच्या सावलीत प्राचीने नकाशा पसरला.

"साहेबांना नुसतं रजिस्टर चालत नाही," ती म्हणाली. "पाईप डोळ्यांनी बघून ये, म्हणतात. मंगळवारी माणूस घेऊन येते. एक खड्डा घेऊ. कुठे खणायचं?"

बाबांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग गोधड्यांकडे.

"तुमी या तर खरं. जागा दावायचं काम माझं."

मंगळवारी ती आली तेव्हा घरात घट बसले होते. गोधड्या घड्या होऊन आत गेल्या होत्या आणि अंगणात नुसत्या मेढी उभ्या होत्या. बाबांनी रस्त्याच्या कडेला काठी आपटली. "हितं."

खणायला आलेल्या गेणभाऊने टिकाव मारला आणि तो थबकला. "लई भुसभुशीत हाय राव! हितं तर मुरूम पायजे."

"एकदा उकरलेली जमीन परत पयल्यासारखी व्हती का?" बाबा म्हणाले.

बरोबर तीन फुटांवर टिकाव ठणकन वाजला.

प्राची खड्ड्याच्या काठावर पालथीच झोपली. गंज झटकून तिने टेप लावला. अडीच इंच! रजिस्टरमधला शब्द न् शब्द खरा निघाला. तिला इतका आनंद झाला, की तिने गेणभाऊच्या पाठीवर थाप मारली.

"वा! पुढे त्या बाभळीपाशी अजून एक खड्डा घेऊन बघू या का?"

दारातून कुशाबाईची हाक आली. "आदी खिचडी खाऊन घ्या. उपासाचं गार झालं की घशाखाली उतरत न्हाई."

साबुदाणा मोकळा झाला होता, दाण्याचं कूट सढळ होतं. दुसरा खड्डा राहून गेला.

पुण्याला येऊन तिने टाकी, खड्डा आणि नळ हे तीन बिंदू जोडले. एक बटण दाबलं आणि छत्तीस आडव्या छेदांत छत्तीस गोल उमटले. सगळे भरावाखाली. साहेबांनी सही केली.

पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या तोंडावर प्राची नवा रस्ता बघायला गेली. भराव झाला होता, कडेने नवी लाइन आली होती. नळ धो धो वाहत होता आणि कुशाबाई कट्ट्यावर गोधड्या आपटत होती. भगवंतबाबा पिळायला मदत करत होते. प्राचीला पाहताच दोघांचे चेहरे फुलले. कुशाबाईने ओलेच हात तिच्या गालांवरून फिरवून बोटं मोडली.

पिळलेल्या गोधड्या बोरीच्या कुंपणावर टाकलेल्या होत्या आणि काट्यांना अडकत होत्या.

"आता काही तक्रार नाही ना, आजी?"

"तक्रार कसली, पोरी? गोधड्या टाकायला एक लोखंडी दांडी व्हती, तेवढी ह्यांनी तुज्या खड्ड्यासाठी पुरली."