दोनशे झाडं

“मॉडेलवर दोनशे झाडं लावा,” बिल्डर मॉडेल बनवणारीला म्हणाला होता. “स्वस्तातली चालतील, पण डोळ्यांत भरली पाहिजेत.” तिने जुन्या वायरमधल्या तारा पिळून खोडं केली, त्यांवर हिरवा रंगवलेला भुसा चिकटवला आणि त्याच्या चिमुकल्या इमारतींभोवती दोनशे झाडं लावून दिली.

सुनावणीच्या दिवशी मॉडेल सभागृहात मांडलं होतं. या इमारतींसाठी कॉलनीच्या मैदानातली जुनी झाडं तोडायची होती, म्हणून तिथली माणसं भांडायच्या तयारीनेच आली होती. मॉडेल बघून मात्र त्यांचा आवाज खाली आला.

एका आजोबांनी वाकून विचारलं, “एवढी झाडं खरंच लावणार का हो?”

“समोर दिसतायत ना, आजोबा,” बिल्डर हसला. “संमतीपत्रावर करून टाका सही.”

आजोबांनी पेन उघडलं. मागे उभ्या असलेल्या तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर बिल्डरने दिलेला नकाशा समोर ठेवून तिने काम केलं होतं. त्यात या झाडांच्या जागी गाड्यांचं पार्किंग होतं.

ती गर्दीतून पुढे गेली आणि एकेक झाड उपटून टेबलाच्या कडेला ठेवू लागली.

“अहो बाई, डोकं फिरलंय का तुमचं?” बिल्डर खेकसला. “काय चालवलंय हे?”

तिने शेवटचं झाड उपटलं.

“मॉडेलमध्ये चूक राहिली होती, साहेब. आता ते तुमच्या नकाशाप्रमाणे झालं.”