कीगनला द्या

"त्या कीगनला देऊन टाका दुसऱ्या संघाला आणि बदल्यात गोल मारणारा आणा! बचावाला म्हणून बर्फावर नुसता उभा असतो." गावच्या आइस हॉकीच्या रिंकवर कॉफी पिताना लॉर्नने रोजचं पालुपद लावलं.

सबंध मोसमभर व्हर्ना यावरून त्याच्याशी भांडत आली होती. परगावची खेळाडू पोरं गावातल्या घरांतून राहत. सतरा वर्षांचा कीगन तिच्याकडे होता. आज मात्र ती म्हणाली, "द्या त्याला. त्याच्या गावचाच संघ मागतोय ना?"

"अगं, तू म्हणतेस हे? घर खायला उठेल तुला."

"आंघोळीला म्हणून जातो आणि नळ सोडून आईशी फोनवर रडतो रे."

लॉर्नने कप खाली ठेवला. "मग बदल्यात येईल तो पोरगा ठेवून घे."

"नको," व्हर्ना म्हणाली. "त्यालाही आई असेलच की."