पलीकडच्या पेठेत जेवण

“सर, त्या पेठेच्या पोराला पास दिला तर आमच्या तालमीत मला कोण उभं करून घेणार नाही,” इंद्रजित म्हणाला.

आयरेकर सर कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात फुटबॉल शिकवायला आले, त्याला तीन वर्षं झाली होती. संघातली निम्मी पोरं एका पेठेची, निम्मी दुसरीची. दोन्ही पेठांच्या तालमींचे आपापले फुटबॉल संघ, आणि त्यांचं पिढ्यांचं वैर. चेंडू आपापल्या पेठेतच फिरायचा आणि आम्ही हरायचो. यंदा फायनल गाठली नाही तर संघ बंद, असं प्राचार्यांनी बजावलं होतं.

सरांनी नियम काढला. दर रविवारी प्रत्येकानं पलीकडच्या पेठेतल्या खेळाडूच्या घरी जेवायचं. इंद्रजित पहिल्यांदा संकेतकडे गेला तो तोंड पाडून. संकेतच्या आईनं तांबडा रस्सा तीनदा वाढला. पुढच्या रविवारी स्वारी अकरालाच हजर.

सेमीफायनलच्या शेवटच्या मिनिटाला इंद्रजितनं चेंडू मोकळ्या उभ्या असलेल्या संकेतला दिला. संकेतनं गोल मारला आणि आम्ही फायनलला पोचलो.

इंद्रजितच्या तालमीचे वस्ताद तरातरा सरांकडे आले. “तुम्ही आमचं पोरगं बिघडवलंसा.”

“होय वस्ताद,” सर म्हणाले. “अजून दहा बाकी हाईत.”