दुसऱ्या साक्षीदाराची सही

वकिलांच्या ऑफिसात जुनी मृत्युपत्रं नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवणाऱ्या टायपिस्टबाईंच्या स्क्रीनवर लाल ओळ उमटली: "दुसऱ्या साक्षीदाराची सही नाही." त्यांनी मूळ कागद काढला. रिकाम्या जागेखाली त्यांचंच नाव होतं. नऊ वर्षांपूर्वी त्या स्वतःच सही करायला विसरल्या होत्या. त्या मृत्युपत्रात एका आजोबांनी राहतं घर विधवा सुनेला दिलं होतं. हात पेनाकडे गेला. कुणाला कळणार होतं? पण पेन तसंच ठेवून, कागद घेऊन त्या वकीलसाहेबांपुढे उभ्या राहिल्या. "साहेब, माझी चूक." साहेब दचकले. "हे टिकणार नाही. आजोबा हयात असतील तरच नवं करता येईल." त्यांनी फोन स्पीकरवर लावला. सुनेनं उचलला. "बाबा झोपलेत. उठवू?" "उठवा!" बाई ओरडल्या. पावलं वाजली. बाई फोनवर वाकल्या. "कोण आहे?" आजोबा खेकसले. "दुपारी डोळाही लागू देत नाहीत!"