पांढरे खांब

“पूल दिसत नसला म्हणून काय झालं? खांब दिसतायत ना!” म्हणत जीपवाल्या काकांनी गाडी पुराच्या पाण्यात घातली. दर पावसाळ्यात ते असेच जायचे. कठड्याचे पांढरे खांब पाण्याबाहेर राहतात, ते डाव्या हाताला धरून पुढे सरकायचं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून बायको डोळे मिटून कळा सोसत होती आणि दवाखाना पलीकडच्या काठावर होता. पाणी दारातून आत शिरलं. तरी समोर ओळीनं खांब उभे दिसले, तसा माझा जीव भांड्यात पडला. इतक्यात पहिल्या खांबानं पंख पसरले आणि तो उडाला. “काका, बगळा!” मी ओरडलो. काकांनी करकचून ब्रेक दाबला. “थांबा, हॉर्न देतो. बगळे उडतील, उरतील ते आपले खांब.” त्यांनी हॉर्न वाजवला. सगळेच उडाले. बायकोनं डोळे न उघडताच विचारलं, “आला का काठ?”