घासलेली वाटी

पोर्टलंडच्या त्या घरात गांजाचा अर्क ओढायचं यंत्र आता एकट्या लीलंडचं होतं. बायकोनं, मॅरिसनं, सात महिन्यांपूर्वीच ओढणं सोडलं होतं. तरी गेला महिनाभर यंत्रातली, अर्क तापवायची चिनीमातीची वाटी रोज चकचकीत दिसायची आणि कचऱ्यात स्पिरिटमध्ये भिजवलेले कापसाचे बोळे सापडायचे. लग्नातली भांडीसुद्धा मॅरिसनं कधी इतकी घासली नव्हती. चोरून ओढते आणि पुरावा पुसते, अशी लीलंडची खात्रीच पटली.

"खरं सांग, पुन्हा सुरू केलंस ना?"

"नाही रे. ओढणं सुटलं, घासणं सुटत नाही. तुझीच घाण काढते रोज."

लीलंडला हायसं वाटलं.



"फक्त मंगळवारपासून वाटीला डागच नाही," ती म्हणाली. "हल्ली कुणाकडे जाऊन ओढतोस?"